स्टुलाला गवसणी

गगनाला गवसणी घालायच्या गोष्टी आपण भाषणांत सहज करतो. पण गवसणी ही मुळात शिवायची वस्तू आहे. तंबोऱ्याला धूळ लागू नये, वीणेवर ओरखडा उठू नये म्हणून घालायची ती कापडी खोळ. अशा पांघरुणांना मराठीत नावांची चंगळ आहे. उशीला अभ्रा, रजईला खोळ, पोथीला बासन, बैलाला झूल, तंबोऱ्याला गवसणी. बैठकीच्या खोलीतल्या स्टुलाच्या वाट्याला मात्र स्वतःचं नाव आलं नाही. त्याला घालतो ते नुसतं ‘कव्हर’. नावच इतकं किरकोळ, तेव्हा कामही किरकोळच असणार, असं मी धरून चालले होते.

आमच्या घरी एक गोल स्टूल आहे. बैठक १४ इंच व्यासाची, तिच्यावर दोन इंच फोम आणि वरून रेक्झिन. रेक्झिन तडकून त्याचे पापुद्रे निघायला लागले, तेव्हा मी दुकानात जाऊन खणाच्या नक्षीचं सुती कापड पसंत केलं. पन्हा ४४ इंच. शाळेतलं गणित आठवलं: परीघ म्हणजे व्यास गुणिले २२ भागिले ७. चौदाचे २२/७ पट किती? बरोबर ४४! परीघ ४४ आणि पन्हाही ४४. जणू ते कापड माझ्या स्टुलासाठीच विणलं होतं. मी खुशीत ते घरी आणलं, न धुता कापलं आणि पट्टी स्टुलाभोवती गुंडाळली. टोकाला टोक भिडलं आणि तिथेच थांबलं. जोड द्यायला कापडच शिल्लक नव्हतं.

ती पट्टी घेऊन मी शिवणक्लासच्या बाईंकडे गेले. त्यांनी ती टेबलावर पसरली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “माप बरोबर आहे गं. पण माया कुठंय?”

शिवणीच्या रेषेपलीकडे जे जादा कापड राखतात, त्याला शिंपीकामात माया म्हणतात. ब्लाउज शिवायला टाकताना ‘आत थोडी माया ठेवा’ असं आपण आवर्जून सांगतो, कारण पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं. स्टूल काही जाड होणार नाही. तरीही त्याच्या खोळीला माया लागते आणि त्याची कारणं कापडाच्या घडणीतच आहेत. विणलेलं कापड म्हणजे एकमेकांत अडकलेले उभे-आडवे धागे. कातरीने काप घेतला की काठाचे धागे मोकळे होतात आणि एकेक करून निसटू लागतात. टीप अगदी काठाला धरून मारली, तर दोनचार धुण्यांत काठ सुटत सुटत टिपेपर्यंत येतो आणि शिवण उलते. म्हणून अर्धा इंच आत यायचं. खणासारखं धागे सुटणारं कापड असेल तर पाऊण इंचसुद्धा. खोळ शिवण्याचं बरंचसं कसब ही माया कुठे, किती आणि कशी ठेवायची यातच आहे.

धुवायचं म्हणून शिवायचं

सोफ्याचं काम करणारे कारागीर कापड लाकडी सांगाड्यावर ताणून खिळ्यांनी किंवा पिनांनी ठोकतात. ते घट्ट आणि देखणं बसतं, पण मळलं तर काढता येत नाही. खोळीचं उलट आहे. ती काढायची, धुवायची आणि पुन्हा घालायची, एवढ्याचसाठी ती असते.

१८व्या शतकात इंग्लंडमधल्या बड्या घरांतून खुर्च्यांना महागडं रेशमी कापड ठोकलेलं असे आणि त्यावर चौकड्यांच्या सुती किंवा तागाच्या धाग्याच्या खोळी चढवलेल्या असत. पाहुणे यायचे म्हटलं की खोळी उतरायच्या, पाहुणे गेले की पुन्हा चढायच्या. आपल्याकडे नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्यांची मानसिकता याहून फार वेगळी नाही.

तिकडच्या घरसामानाला आणखी एका कापडाची भुरळ पडली होती. ते आपल्याकडून जात होतं. छापील आणि हाताने रंगवलेलं छीट. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द याच छिटावरून गेला आणि ‘कॅलिको’ हे नाव कालिकतवरून, म्हणजे आजच्या कोळिकोडवरून. धुतलं तरी रंग न सोडणारं इतकं हलकं, सुंदर कापड तिकडे होत नव्हतं. तिथले लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. अखेर १७२१ साली ब्रिटिश संसदेने कायदाच केला: काही अपवाद सोडता छापील आणि रंगीत सुती कापड अंगावर घालायचं नाही आणि घरसामानालाही वापरायचं नाही. २५ डिसेंबर १७२२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. छिटाची खोळ खुर्चीवर दिसली तर तो गुन्हा ठरत होता! १७७४ मध्ये ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या सुती छापील मालापुरती ही बंदी उठली. तरी १७७५ साली डेव्हिड गॅरिक या गाजलेल्या नटाच्या घरचे, कोलकात्याहून भेट आलेले छिटाचे पडदे जकातवाल्यांनी जप्त केलेच. ते ज्या पलंगाचे होते तो पलंग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे.

छिटाचं सगळं कौतुक धुण्यापाशी येऊन थांबतं, ते उगीच नाही. खोळ धुवायची असते, म्हणून तिची सुरुवातही धुण्यापासूनच करायची.

लाकूड आटत नाही, कापड आटतं

नवं सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं हे घरोघरी ठाऊक असतं. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यानंतर धुलाई, रंगाई, इस्त्री अशा प्रत्येक टप्प्यावर कापड लांबीत ओढलं जातं आणि त्याच ताणात ते ताग्यावर गुंडाळलं जातं. घरी ते पाण्यात पडलं की कापसाचे तंतू पाणी पिऊन फुगतात. आडवे धागे जाड झाल्याने त्यांच्या वरखाली वळसे घेत जाणाऱ्या उभ्या धाग्यांना मोठं वळण घ्यावं लागतं. धागा तेवढाच आणि वळण मोठं, म्हणजे लांबी कमी होणारच. कापड उभ्या बाजूने जास्त आणि पन्ह्यात कमी आटतं, ते यामुळे.

हे आटणं कारखान्यातच उरकून घ्यायची यांत्रिक युक्ती सॅनफोर्ड क्लूएट या अमेरिकन गृहस्थांनी शोधली आणि १९३० साली तिचं पेटंट मिळालं. कापडाच्या काठावर ‘सॅनफोराइज्ड’ असा छाप दिसतो, तो त्यांच्याच नावावरून आला. असं कापड जवळपास आटत नाही. साधं सुती मात्र शेकडा तीन ते पाच सहज आटतं. ४४ इंचांतले चार टक्के म्हणजे पावणेदोन इंच. आधी शिवलं आणि मग धुतलं, तर खोळ स्टुलावर चढणारच नाही. फोम थोडा दबेल, लाकडाची कड दबणार नाही.

म्हणून आणलेलं कापड रात्रभर पाण्यात भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, किंचित दमट असताना इस्त्री करायची आणि त्यानंतरच टेपला हात लावायचा. भिजवताना पाणी रंगलं, तर ते कापड दोनतीनदा वेगळं धुऊन घ्यावं. मीठ टाकलं की रंग पक्का होतो अशी समजूत आहे. कापड रंगवताना मिठाची मदत होते हे खरं, पण रंगवून आलेल्या कापडाचा सुटा रंग घरच्या मिठाने बांधला जात नाही. पांढरा ओला रुमाल कापडावर घासून पाहणं ही जास्त भरवशाची परीक्षा.

या हिशेबाने घरातलं जुनं कापड नव्याहून सरस ठरतं. वापरलेली सुती साडी किंवा चादर जेवढी आटायची तेवढी आटलेली असते आणि सुटा रंगही केव्हाच सांडून बसलेला असतो. जुनी सोलापुरी चादर तर स्टुलासाठी फर्मास: जाड, मजबूत, दोन्ही अंगांनी नक्षीदार. फक्त मशीनला जाड सुई लावायला हवी. साडीचं कापड पातळ असेल तर आतून मांजरपाटाचं अस्तर द्यावं.

अर्ध्या मीटरात बसवणं

आपल्याकडे कापडाच्या मापांचा मजेशीर घोळ आहे. दुकानात मीटर, मशीनवर इंच आणि बोलण्यात वार. देशात दशमान मापं येऊन साठाहून अधिक वर्षं झाली, पण नऊवारी काही सव्वाआठमीटरी झाली नाही. खोळीपुरतं इतकं लक्षात ठेवलं की पुरे: एक मीटर म्हणजे सुमारे ३९.४ इंच, तेव्हा अर्धा मीटर १९.७ इंच.

आता माझ्या १४ इंची स्टुलाची नीट मांडणी करू. वरचा गोल १४ इंचांचा, भोवती अर्धा इंच माया, म्हणजे कापायचा गोल १५ इंच व्यासाचा. बाजूची पट्टी सहा इंच उतरायला हवी. वर गोलाला जोडायला अर्धा इंच, खाली दुमडीला सव्वा इंच, म्हणजे पट्टीची रुंदी पावणेआठ इंच. लांबी ४४. ती एकसंध हवी, हा माझा पहिला हट्ट आणि तिथेच मी फसले. ४४ पन्ह्याच्या कापडात ४४ इंच कधीच हाती येत नाहीत. दोन्ही कडांची घट्ट किनार सोडावी लागते आणि जोडाच्या मायेला एक इंच हवाच.

बाईंनी सुचवलं, “दोन तुकडे कर की.” बावीस-बावीस इंचांचे दोन, प्रत्येकाला दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे २३ इंच. आणि मग गंमत झाली. १५ इंचांचा गोल एका बाजूला ठेवला, शेजारी या दोन पट्ट्या एकीखाली एक. रुंदीत १५ आणि २३ मिळून ३८ इंच, उंचीत दोन पट्ट्यांचे साडेपंधरा. धुऊन आटल्यावरही अर्ध्या मीटरात सगळं बसलं, वर तीनएक इंचांची एक पट्टी उरली. एकसंध पट्टी कापडाच्या लांबीतून काढायची म्हटलं असतं, तर सव्वा मीटर लागलं असतं. दोन जोड समोरासमोर आले की ते डोळ्याला खुपतही नाहीत.

कागदावरच्या आकड्यांवर मात्र सगळा भार टाकू नये. स्टूल क्वचितच अगदी गोल असतं आणि फोमची कड लाकडाबाहेर जराशी फुगलेली असते. आधी वर्तमानपत्रावर स्टूल उलटं ठेवून पेन्सिलने गोल उमटवावा. मग बैठकीच्या सर्वांत फुगीर भागाभोवती न ताणणारी सुतळी फिरवून ती फूटपट्टीवर मोजावी. कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते आणि माप खोटं सांगते. सुतळीचं माप आणि गणिताचं माप यांत फरक आला, तर सुतळीचं खरं मानावं, सातने गुणून २२ने भागावं आणि गोलाचा व्यास त्यावरून काढावा. जाड कापड असेल तर परिघात पाव इंच सैलपणा द्यावा. शिंपी त्याला ‘लूझिंग’ म्हणतात.

गोलाला पट्टी कशी बसते

सरळ पट्टीला सरळ पट्टी जोडणं कुणालाही जमतं. गोलाला पट्टी जोडताना मात्र चुण्या पडतात, कापड ओढलं जातं आणि शेवटी पट्टी एक बोट उरते किंवा कमी पडते. दोष हाताचा आहे असं वाटतं, पण त्यामागे भूमिती आहे.

शिवणीची रेषा १४ इंची वर्तुळावर आहे, तिची लांबी ४४ इंच. पण गोलाचा कापलेला काठ १५ इंची वर्तुळावर आहे. त्याची लांबी १५ गुणिले २२/७, म्हणजे ४७ इंचांहून थोडी जास्त. पट्टी सरळ असल्यामुळे तिची शिवणीची रेषाही ४४ आणि कापलेला काठही ४४. दोन्हींचे काठ जुळवून टीप मारायची, तर पट्टीच्या ४४ इंची काठाला ४७ इंच व्हावं लागतं. कापड इतकं ताणत नाही. ते आखडतं, आणि त्या आखडण्यालाच आपण चुणी म्हणतो.

यावर उपाय कातरीचा. पट्टीच्या मायेला, शिवणीच्या रेषेच्या एक सूत अलीकडे थांबत, दर इंचाला एक सरळ काप द्यायचा. काप दिला की पट्टीचा काठ जपानी पंख्यासारखा उघडतो आणि गोलाभोवती बिनतक्रार वळतो. टीप मारून झाली, खोळ सुलट केली, की अडचण उलट्या बाजूने येते. आता गोलाची ४७ इंची माया बैठकीच्या बाजूने खाली दबते आणि तिथे जागा ४४ इंचांचीच. तीन इंच कापड आत गोळा होऊन वरून गाठीगाठी दिसतात. म्हणून गोलाच्या मायेतून दर इंच-दीड इंचाला छोटे त्रिकोण कापून टाकायचे. पट्टीला सरळ काप, गोलाला त्रिकोणी. पहिल्याने काठ उघडतो, दुसऱ्याने मिटतो.

या तीन इंचांची एक खुबी आहे. ते स्टुलाच्या आकारावर अवलंबून नाहीत. अर्ध्या इंचाच्या मायेने व्यास एक इंचाने वाढतो, म्हणून परीघ २२/७ इंचाने, म्हणजे तीन इंचांहून जराशाने वाढतो. लोणच्याच्या बरणीला कापडी टोपी शिवा, नाही तर पृथ्वीला खोळ घाला, अर्ध्या इंचाच्या मायेचा फरक तेवढाच. उद्या कुणी खरंच गगनाला गवसणी शिवायला घेतली, तरी काठाच्या मायेपायी परीघ तीन-सव्वातीन इंचांपलीकडे वाढणार नाही. लहान गोल अवघड का जातो, त्याचंही उत्तर यातच आहे. बरणीच्या दहा-बारा इंचांच्या परिघात ते तीन इंच जिरवायचे असतात, स्टुलाला ते ४४ इंचांत वाटले जातात.

जोडताना एक साधी युक्ती चुकवू नये. गोलाची चौघडी घालून काठावर चार खुणा कराव्यात. दोन्ही जोड शिवून कडं झालेल्या पट्टीलाही दुमडून चार खुणा कराव्यात. खुणेला खूण टाचणीने जोडावी, मग मधल्या जागा टाचाव्यात आणि त्यावर एक धावदोरा घालून घ्यावा. चूक कुठे झालीच, तर ती त्या पावापुरती राहते, शेवटच्या टोकाला साचत नाही. मशीनवर शिवताना काप दिलेली पट्टी वर आणि गोल खाली ठेवला की काप उघडतात की नाही ते दिसत राहतं.

गोलाच्या कडेला पायपिंग घालायची हौस असेल तर तिची पट्टी उरेब कापावी, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी, ४५ अंशांत. एक रुमाल घ्या. समोरासमोरच्या कडा धरून ओढा, तो जवळजवळ ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा, तो लगेच लांबट होतो. चार काड्या टोकांना खिळ्यांनी जोडून केलेली चौकट कोपऱ्यातून दाबली की तिरकी होते, तसंच धाग्यांच्या प्रत्येक घराचं होतं. धागा ताणत नाही, घर कलतं. म्हणून उरेब पट्टी गोलाईला चुणी न पडता वळते. अर्ध्या मीटरातून उरलेली ती तीन इंची पट्टी इथे उपयोगी पडते.

दोन दोऱ्यांची गाठ

हाताने शिवताना एक दोरा असतो, मशीनला दोन. वरच्या रिळाचा दोरा सुईबरोबर कापडाखाली उतरतो, तिथे त्याचं वेटोळं होतं, खालचं शटल ते वेटोळं पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांना अडकतात. टोकाला नेढं असलेली सुई आणि हा दोन दोऱ्यांचा टाका यांचं पेटंट इलायस होवे यांनी १० सप्टेंबर १८४६ रोजी घेतलं. आयझॅक सिंगर यांचं पेटंट १८५१चं. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मधल्या एका संवादात शिवणयंत्राला उपयुक्त यंत्र म्हणून अपवाद ठरवलं होतं.

टाका कसा पडतो हे एकदा समजलं की मशीनची कुरबुरही समजते. कापडाखाली दोऱ्याची वेटोळी लोंबत असतील तर बहुतेक वेळा खोट वरच्या दोऱ्यात असते. तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो. प्रेशर फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवायचा. फूट वर असताना चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये जातो.

टाका इंचाला दहाच्या आसपास ठेवावा. फार बारीक टाका मजबूत असेल असं वाटतं, पण जाड कापडात त्याची भोकं टपाल तिकिटाच्या कडेसारखी ओळीत येतात आणि ताण पडला की कापड तिथेच फाटतं. सुईच्या पाकिटावर ९०/१४, १००/१६ असे जोडआकडे असतात. त्यातला मोठा आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो: ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६, सोलापुरी चादरीला १८. मशीन नसेल तर हाताने बखिया घालावा. वेळ लागतो, पण टिकतो.

खालचा काठ

पट्टीचा खालचा काठ पाव इंच आणि मग एक इंच असा दोनदा दुमडून टीप मारली की झाली साधी खोळ. ती नुसती अडकवलेली राहते आणि मुलांनी स्टुलावरून उडी मारली की फिरते. त्यापेक्षा दुमडीचाच नेफा करावा आणि त्यातून नाडी ओवून बैठकीखाली बांधावी. इलॅस्टिक घातलं तर काढघाल सोपी होते. त्याची लांबी परिघाच्या पाऊणपट, म्हणजे ४४ला ३३ इंच. मात्र इलॅस्टिकमधलं रबर उन्हाने आणि उष्णतेने दोनचार वर्षांत मरतं, म्हणून नेफ्याला एक इंच फट राखून ठेवावी, म्हणजे टीप न उसवता नवं इलॅस्टिक ओवता येतं.

ज्यांना पट्टीचं हे सगळं गणित नकोच आहे, त्यांच्यासाठी एकाच गोलाची खोळ आहे. बैठकीचे १४ इंच, अधिक दोन्ही बाजूंना फोमचे दोन, खाली वळायला दोन आणि नेफ्याला एक, म्हणजे २४ इंच व्यासाचा गोल. भोवती नेफा आणि त्यात इलॅस्टिक. मायेचं काम इथे चुण्याच करतात. पहिल्यांदा शिवणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

चौरंगाची खोळ याहून सोपी. वरची फळी १२ इंच चौरस असेल आणि बाजूला चार इंच उतरायचं असेल, तर दुमडीचा एक इंच धरून २२ इंचांचा चौरस कापावा. त्यावर मधोमध फळीचा चौरस आखावा. मग एकेक कोपरा कर्णावर दुमडून लगतच्या दोन कडा जुळवाव्यात आणि आखलेल्या चौरसाच्या कोपऱ्यापासून कडेपर्यंत काटकोनात टीप मारावी. बाहेर उरलेला त्रिकोण कापू नये, आत दाबून ठेवावा. पुढे मोठा चौरंग घेतला तर तोच उसवून खोळ थोडी वाढवता येते. या खोळीला झालर लावली असेल तर समई आणि निरांजन चौरंगापासून दूर, ताटात ठेवावं. पूजेच्या चौरंगाला कृत्रिम धाग्याचं कापड टाळावं, कारण ठिणगी पडली की ते वितळून चिकटतं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, खोळ महिन्यातून एकदा तरी काढून फोमला वारा द्यावा. कापडाखाली ओल कोंडली की बुरशी आधी लाकडावर धरते आणि दिसते सर्वांत शेवटी. खोळीची लांबी जमिनीपर्यंत ठेवायचा मोह झालाच, तर ती जमिनीपासून इंचभर वर राहू द्यावी. झाडू आणि फरशी पुसायचं पाणी तिथूनच जातं.

माझी ती ४४ इंचांची पहिली पट्टी वाया गेली नाही. बाईंनी तिचे दोन तुकडे करवले, मध्ये दोन बोटं रुंदीच्या काळ्या कापडाचे जोड घातले आणि ती नक्षीच आहे असं आता येणारेजाणारे समजतात. दुसरी खोळ मी वर सांगितलेल्या हिशेबाने अर्ध्या मीटरात शिवली. पहिल्याच वेळी ती बसली.

एक गोष्ट मात्र शिवून झाल्यावर करायची राहू नये. उरलेल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा खोळीच्या आतल्या बाजूला, दुमडीला चार टाके घालून टाचून ठेवा. उन्हाने बाहेरचा रंग थोडा जास्त विटेल, पण दरवेळच्या धुण्यात तो तुकडाही खोळीबरोबर धुतला जाईल आणि रंग तिच्याबरोबरच उतरवेल. तीनचार वर्षांनी बैठकीवर कुठे विरलंच, तर ठिगळाला जुळणारं कापड बाजारात शोधावं लागत नाही. ते खोळीच्या पोटातच असतं.